हार्ट पॅकेजचा रिव्ह्यू: सुई मारणारा पोरगा फर्स्ट क्लास, एचडीएलपुढचं हिरवं टिक बेकार

गोव्यात आमच्या फोंड्यात घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबा आता इतक्या झाल्यात की बिल्डिंगच्या गेटवर, फार्मसीच्या काउंटरवर, जिथे बघाल तिथे त्यांचे स्टिकर. त्यातल्याच एकीचं 'संपूर्ण हृदय पॅकेज' आम्ही घेतलं, तिघांचं, म्हणजे मी, आई, आणि साखळीहून चतुर्थीला आलेले आमचे काका (मावशीचे यजमान, पण आम्ही काकाच म्हणतो). लॅबचं नाव देत नाही, कारण मी नंतर ओळखीच्या दोन-तीन घरांतून दुसऱ्या लॅबांचे रिपोर्ट मागवून बघितले तर तेच डायल, तेच हिरवे-पिवळे रंग, तीच वाक्यं. म्हणजे एकाच लॅबला बोलून उपयोग नाही, हा अख्ख्या पॅकेज नावाच्या प्रकाराचा रिव्ह्यू समजा.

आधी चांगलं ते सांगतो. बुकिंग फोनवर झालं, माणसाशी बोलून झालं, ॲप डाउनलोड करा म्हणून मागे लागले नाहीत. सकाळी साडेसातचा स्लॉट दिला आणि भर पावसात रेनकोट घालून स्कूटरवरून पोरगा वेळेत हजर. उपाशी राहायला सांगितलेलं, त्यामुळे पोदेराच्या (पाववाल्याच्या) हॉर्नचा आवाज आला आणि गरम पोई, म्हणजे आमचा पाव, टेबलावर येऊन पडली तरी सगळे नुसते बघत बसलेले, काकांचा चेहरा तर बघण्यासारखा. (खरं तर नुसत्या कोलेस्टेरॉलसाठी उपाशी राहायलाच पाहिजे असं नाही, युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ सालीच सांगितलंय की नेहमीच्या लिपिड तपासणीला उपासाची गरज नाही, पण फास्टिंग शुगर त्यात असली की इलाज नाही.) पोरगा हुशार. आईची शीर सापडत नाही, आधी एका ठिकाणी दोन्ही हात काळेनिळे करून सोडले होते, या पोराने बारकी बटरफ्लाय सुई काढली, "मातशें दुखतलें हां आजी" म्हणाला आणि एका झटक्यात काम. पिवळ्या झाकणाची, जांभळ्या झाकणाची, करड्या झाकणाची, सगळ्या ट्यूब आमच्यासमोर बारकोड लावून थंड पेटीत ठेवल्या, नाव-वय वाचून दाखवलं. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. इथपर्यंत पाच स्टार, वर चहा प्यायला थांबला नाही म्हणून अर्धा कापायला हवा, पण जाऊ दे.

आता रिपोर्ट. प्रत्येकाचा डझनभर पानांचा पीडीएफ, आणि त्यातली निम्मी पानं नुसती सजावट. पहिल्या पानावर हृदयाचं चित्र, त्याखाली डायल, डायलवर काटा. प्रत्येक आकड्यापुढे हिरवं टिक नाही तर लाल बाण. काकांचं एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, आलं ७१, आणि त्याच्यापुढे हे भलंमोठं हिरवं टिक, खाली लिहिलंय 'उत्कृष्ट, तुमचं हृदय संरक्षित आहे'. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १२८, ते पिवळट हिरव्यात, 'जवळजवळ योग्य'. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १९०, छोटा लाल बाण. टोटल कोलेस्टेरॉल २३७. आणि मग टोटल भागिले एचडीएल असा तो रेशो, ३.३, परत हिरवा, परत 'कमी धोका'. नॉन-एचडीएल, म्हणजे टोटलमधून एचडीएल वजा केल्यावर जे उरतं ते, १६६, हे कुठे? नवव्या पानावर, बारीक टायपात, टिक नाही बाण नाही काही नाही. ज्या आकड्याने घाम फुटायला पाहिजे तो अडगळीत आणि ज्याचा अर्थ नुसता बघून लावताच येत नाही तो पहिल्या पानावर रंगीत.

काकांबद्दल दोन गोष्टी सांगायला पाहिजेत. एक, त्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे. दोन, त्यांना स्टेंट बसवलेला आहे! आणि तेव्हाही, स्टेंट बसला तेव्हाही, त्यांचं एचडीएल असंच साठ-सत्तरच्या घरात होतं, जुनी फाइल मावशीने जपून ठेवलीय त्यात आहे. म्हणजे ज्या माणसाची रक्तवाहिनी हे एवढं 'संरक्षण' असताना बंद पडली त्यालाच रिपोर्ट सांगतोय की तुम्ही संरक्षित. बरं, पॅकेजमध्ये 'मोफत डॉक्टर सल्ला' पण होता. फोन आला, बाईंनी मिनिटभरात रिपोर्ट वाचून दाखवला, डायबेटिस आहे का विचारलं नाही, स्टेंटचं विचारलं नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही नाही, "अंकल तुमचं गुड कोलेस्टेरॉल फर्स्ट क्लास आहे, वॉकिंग चालू ठेवा" आणि फोन बंद. काका खूश. आणि मग जेवताना हळूच कळलं की स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायची, गोळी त्यांनी आधीच सोडलेली आहे, कारण "अरे माझं चांगलं कोलेस्टेरॉल चांगलंच आहे की, वाईटाला ते बघून घेईल". मागच्या वर्षीच्या अशाच एका रिपोर्टवरचं हिरवं टिक बघून सोडली होती. म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू, नाहीतर सजावटीवर मी एवढा चिडलो नसतो.

आता हे 'चांगलं' प्रकरण आलं कुठून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांवर १९४८ पासून अभ्यास चालू आहे, त्यातून १९७७ साली दिसलं की ज्यांचं एचडीएल कमी त्यांना हृदयविकार जास्त. हे खोटं नाही, आजही खरं आहे, पुरुषात ४० च्या खाली आणि बाईत ५० च्या खाली म्हणजे सावध व्हा हे बरोबरच आहे, आपल्याकडे तर कमी एचडीएल आणि चढं ट्रायग्लिसराइड ही जोडी घरोघरी. पुढे २००१ च्या अमेरिकन गाइडलाइनने ६० च्या वर एचडीएल असेल तर धोक्याच्या यादीतून एक घटक वजा करा असंही सांगितलं. गडबड इथे झाली. कमी असणं वाईट म्हणजे जास्त असणं ढाल, हे वरवर बरोबर वाटतं पण ते वेगळं सिद्ध व्हायला पाहिजे, आणि ते सिद्ध करायला गेले तिथेच सगळे आपटले.

एचडीएल करतं काय ते आधी बघू. हा एकच पदार्थ नाही, प्रथिन आणि चरबीचे बारीक कण आहेत, त्यातलं मुख्य प्रथिन एपीओ-ए-वन. रक्तवाहिनीच्या भिंतीत एलडीएल घुसून बसतं, ते खाऊन पांढऱ्या पेशी फुगतात, त्यांना फोम सेल म्हणतात, याच साचून प्लाक, म्हणजे वाहिनी अडवणारा थर, होतो. एचडीएलचं काम म्हणजे या फुगलेल्या पेशींकडून कोलेस्टेरॉल काढून घेणं, पेशीवर त्यासाठी एबीसीए-वन नावाचं दार असतं तिथून ते बाहेर येतं, आणि मग ते लिव्हरकडे पोचवणं, लिव्हर ते पित्तातून बाहेर टाकतं. शिवाय भिंतीच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावणं म्हणजे वाहिनी सैल राहते, आणि पॅराऑक्सोनेज नावाचं एक एन्झाइम ते अंगावर बाळगतं ज्याने एलडीएल खवट होणं थांबतं. एवढी कामं. आणि लॅब काय मोजते? या सगळ्या कणांत मिळून कोलेस्टेरॉल किती आहे एवढंच. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, डेपोत किती गाड्या उभ्या आहेत ते मोजून पेडण्याला किती पॅसेंजर पोचले ते सांगण्यातला प्रकार. गाड्या भरपूर आहेत, मान्य, पण चालू किती, कुणाला उचलतात की नाही, का वाटेतच बंद पडून रस्ता अडवून बसल्यात, हे त्या आकड्यात नाहीच.

आणि बंद पडतात, हेच तर मुद्द्याचं आहे. पांढऱ्या पेशींकडे जंतू मारायला मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, त्यातून हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं, ब्लीचमध्ये असतं तेच. जंतू मारायला ठीक, पण सूज आलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीत तेच एन्झाइम एपीओ-ए-वनलाच भाजून काढतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी २०१४ साली दाखवलं की या प्रथिनाच्या साखळीतला ७२ नंबरचा एक ट्रिप्टोफॅन (प्रथिनाचा एक मणी, अमिनो ॲसिड) असा ऑक्सिडाइज झाला की ते कोलेस्टेरॉल उचलणं जवळजवळ सोडूनच देतं, नवीन एचडीएल बनायलाही अडथळा होतो, आणि वर भिंतीच्या अस्तराला सूज आणायला लागतं. म्हणजे नुसतं निकामी नाही, उलटं काम करायला लागतं. प्लाक असलेल्या वाहिन्यांच्या भिंतीत सापडणाऱ्या एपीओ-ए-वनपैकी २० टक्के या असल्या बिघडलेल्या रूपात होतं. दवाखान्यात आलेल्या ६२७ जणांच्या रक्तातही त्यांनी ते मोजलं, ज्यांच्यात ते जास्त त्यांच्यात हृदयाचा आजारही जास्त. हे सगळं घडतं भिंतीच्या आत, आणि आपला पोरगा रक्त काढतो कोपरातल्या शिरेतून, तिथला एचडीएलचा आकडा भिंतीत काय चाललंय ते सांगणार कसं.

भिंतीतच नाही, अंगात सूज वाढवणारं काहीही असलं, मोठं इन्फेक्शन म्हणा, संधिवात म्हणा, तर एचडीएलवरची प्रथिनं बदलतात, एपीओ-ए-वन आणि पॅराऑक्सोनेज कमी होतं आणि त्यांच्या जागी सिरम अमायलॉइड ए नावाचं सुजेत वाढणारं प्रथिन येऊन बसतं. डायबेटिसमध्ये साखर चिकटून कण बिघडतात. २०११ साली झुरिकच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांचं एचडीएल आणि हृदयाच्या पेशंटचं एचडीएल वेगवेगळं काढून अस्तराच्या पेशींवर घालून बघितलं, निरोगी माणसांच्या एचडीएलने नायट्रिक ऑक्साइड वाढलं, पेशंटांच्या एचडीएलने नाही. दिसायला एचडीएलच, मोजायला एचडीएलच. डायबेटिस आणि स्टेंट दोन्ही असलेल्या आमच्या काकांचे ७१ यातले कुठल्या जातीचे असतील हे त्या हिरव्या टिकाला कसं कळलं, हा माझा प्रश्न.

औषधांची गोष्ट तर अजून मजेशीर, म्हणजे मजेशीर नाही. कंपन्यांनी म्हटलं एचडीएल वाढवू, अब्जावधीचा धंदा. फायझरने टॉरसेट्रापिब काढलं, सुमारे १५ हजार लोकांवर ट्रायल, एचडीएल ७२ टक्के वाढलं, एलडीएल पण २५ टक्के उतरलं, कागदावर स्वप्नातला रिपोर्ट, आणि डिसेंबर २००६ मध्ये ट्रायल घाईघाईने बंद करावी लागली कारण औषध घेणारेच जास्त मरत होते. त्या औषधाने बीपी वाढत होतं ते एक कारण, ते खरं, पण मग पुढची औषधं आली ज्यांत तो त्रास नव्हता. डालसेट्रापिब, २०१२, एचडीएल वाढलं, फायदा शून्य, बंद. इव्हासेट्रापिब, २०१५, एचडीएल दुपटीच्याही वर, फायदा शून्य, बंद. ॲनासेट्रापिब, २०१७, ३० हजारांवर लोक, चार वर्षं, एचडीएल दुप्पट आणि हृदयाच्या घटना फक्त ९ टक्के कमी, आणि तेवढा फायदाही नॉन-एचडीएल उतरल्यामुळे मिळाला असंच हिशोब सांगतो. कंपनीने ते बाजारात आणलंच नाही. नायसिन हे तर जुनं व्हिटॅमिन, एचडीएल वाढवायला वर्षानुवर्षं द्यायचे, २५ हजारांवर लोकांच्या ट्रायलमध्ये स्टॅटिनच्या जोडीला देऊन बघितलं, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, उलट शुगर वाढली, इन्फेक्शनं आणि रक्तस्राव वाढले. आणि शेवटी म्हटलं गोळ्या जाऊ देत, माणसाच्या रक्तातून काढलेलं एपीओ-ए-वनच सलाइनमधून देऊ, ताज्या हार्ट अटॅकवाल्या १८ हजारांवर लोकांना दिलं, २०२४ मध्ये निकाल आला, ९० दिवसांत ठरवलेला फायदा दिसला नाही. आता एवढ्या सगळ्यांनंतरही एखाद्या रिपोर्टवर 'एचडीएल वाढवा' असं टिप म्हणून छापलेलं असतं, त्याला काय म्हणायचं.

निसर्गानेही हाच प्रयोग करून ठेवलाय, तो मला सगळ्यात आवडतो. इटलीत गार्डा तळ्याकाठी लिमोने नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या काही लोकांचं एचडीएल इतकं कमी की आपल्या पॅकेजवाल्यांनी लाल रंग संपवला असता, ट्रायग्लिसराइड चढलेलं, आणि तरी हृदय ठणठणीत, त्या मानाने अटॅक नाहीत. शोधलं तर एपीओ-ए-वनच्या जीनमध्ये एका ठिकाणी बदल, वंशावळ मागे नेत अठराव्या शतकातल्या एका जोडप्यापर्यंत पोचली. पहिला माणूस मिलानच्या डॉक्टरांना सापडला म्हणून नाव पडलं एपीओ-ए-वन मिलानो, नाव मिलानचं, माणसं लिमोनेची. याच्या उलटही आहे, २०१६ साली एससीएआरबी-वन जीनमध्ये बिघाड असलेले लोक सापडले, लिव्हरवरचं एचडीएलकडून माल उतरवून घेणारं दारच नादुरुस्त, त्यामुळे रक्तात एचडीएल भरपूर साठतं, आकडा बघाल तर 'उत्कृष्ट', आणि हृदयविकाराचा धोका मात्र वाढलेला. आणि २०१२ साली एक मोठा अभ्यास, जन्मतःच ज्यांच्या जीनमुळे एचडीएल थोडं जास्त असतं अशा लोकांना अटॅक १३ टक्के कमी यायला पाहिजे होते हिशोबाने, ते कमी नव्हतेच.

मग एचडीएल काम करतंय की नाही हे मोजता येतं का? येतं, पण तुमच्या-माझ्यासाठी नाही. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींत खुणेचं कोलेस्टेरॉल भरतात, वर पेशंटचं सिरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) घालतात, किती बाहेर ओढलं गेलं ते मोजतात. डॅलसमध्ये अडीच हजाराच्या आसपास निरोगी लोकांचं असं मोजून त्यांच्यावर नऊ वर्षांहून जास्त नजर ठेवली, २०१४ मध्ये छापलं: ज्यांचं एचडीएल ओढण्यात सगळ्यात तरबेज त्या पाव भाग लोकांना सगळ्यात मंद असलेल्या पाव भागापेक्षा ६७ टक्के कमी धोका. आणि त्याच लोकांत बाकीच्या गोष्टी जमेस धरल्यावर नुसत्या एचडीएलच्या आकड्याचा काही संबंधच उरला नाही. पण या टेस्टला जिवंत पेशी लागतात, वेळ लागतो, फोंड्याच्या लॅबमध्ये काय मुंबईतही रुटीनला कुणी करणार नाही. त्यामुळे कुणी 'ॲडव्हान्स एचडीएल' म्हणून जास्तीचे पैसे मागितले तर आधी नेमकं काय मोजणार ते विचारा.

गोव्याचं म्हणून वेगळं सांगायला पाहिजे ते दोन-तीन मुद्दे. पहिला दारूचा. दारूने एचडीएल वाढतं, हे पक्कं माहीत असलेलं आहे, आणि आमचे काका मार्च ते मे हुर्राक (काजूची दारू) आणि बाकीचे महिने जे मिळेल ते, रोज, "औषधापुरतं". त्यामुळे ते ७१ मधले किती त्यांचे आणि किती हुर्राकचे कोण जाणे. त्याच दारूने त्यांचं ट्रायग्लिसराइड पण चढलंय, बीपी पण, पण काका बोट ठेवतात ते फक्त हिरव्या टिकावर, आणि आमच्याकडे प्रत्येक बारमध्ये एक तरी पात्रांव बसलेला असतो जो सांगतो की एक पेग हार्टला चांगला. कोपनहेगनच्या लाखभर लोकांच्या २०१७ च्या अभ्यासात एचडीएल फारच जास्त, पुरुषांत ११६ च्या वर, असलेल्यांचा मृत्यूचा धोका मधल्या लोकांच्या जवळपास दुप्पट निघाला, तेव्हा जास्त म्हणजे चांगलं हे टोकाला जाऊन तर उलटंच होतं (७१ म्हणजे टोक नाही, काकांना घाबरवायचं नाहीये). दुसरा नारळ. खोबरेल तेलाने एचडीएल वाढतं हे खरं, पण एलडीएल पण वाढतं, आणि व्हॉट्सॲपवर फिरतं ते अर्धंच. हुमण (नारळाच्या रसातली माशाची आमटी) खाऊ नका असं मी कोण सांगणार, बांगड्याच्या हुमणाशिवाय मी स्वतः दोन दिवस काढू शकत नाही, फक्त त्याला औषध म्हणू नका. तिसरा आणि सगळ्यात मोठा, शुगर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या देशभराच्या पाहणीत डायबेटिसमध्ये गोवा पहिला, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. म्हणजे ज्या राज्यात एचडीएल बिघडवणारा आजार सगळ्यात जास्त घरांत आहे त्याच राज्यात एचडीएलच्या आकड्यावर डोळे झाकून टिक मारतात.

दोन दिवसांनी लॅबकडून परत फोन, आता विक्रीचा. आईचं एचडीएल ४४, लाल बाण, त्यासाठी 'गुड कोलेस्टेरॉल बूस्टर' कॅप्सूल, तीन महिन्यांचा कोर्स, पॅकेजवाल्यांना डिस्काउंट. मी विचारलं यात आहे काय, तर म्हणे नॅचरल आहे सर. कशाने सिद्ध झालंय, तर कस्टमर खूप खूश आहेत सर. इथे माझे स्टार धडाधड पडले. रक्त तपासणाऱ्यानेच लाल बाण दाखवायचा आणि त्यानेच डबी विकायची, हे बरं नाही, आणि युरोपची २०१९ ची गाइडलाइन तर एचडीएल वाढवणं हे उपचाराचं टार्गेटच धरत नाही. आईने चालायला जावं, वजन बघावं, शुगर बघावी, त्याने एचडीएल दोन-चारने वाढो न वाढो बाकी दहा गोष्टी सुधारतात.

पॅकेजमध्ये काय हवं होतं ते सांगतो म्हणजे नुसती टीका नको. एपीओ-बी हवं होतं: वाहिनीत घुसणाऱ्या प्रत्येक कणावर हे प्रथिन एकेकच असतं, त्यामुळे ते मोजलं की त्रास देणाऱ्या कणांची सरळ मोजणीच होते. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच त्रास देणारा एक कण) आयुष्यात एकदा, कारण ते बरंचसं जन्माने ठरतं आणि आपल्या लोकांत कमी नाही. त्याऐवजी यांनी घातलंय काय तर थायरॉइड, व्हिटॅमिन डी, लोह, आणि त्याला नाव हृदय पॅकेज. रेशो तर काढूनच टाका, काकांच्या केसमध्ये भागाकारात खाली मोठं एचडीएल बसलं म्हणून २३७ चं टोटल 'कमी धोका' होऊन बाहेर पडलं. आणि एलडीएलची एकच रेंज सगळ्यांना छापू नका, १२८ हे पंचविशीतल्या धडधाकट पोराला एक वेळ चालेल, स्टेंटवाल्या माणसाचं युरोपच्या गाइडलाइनप्रमाणे ५५ च्या खाली पाहिजे, दुप्पटीहून जास्त आहे ते आणि रिपोर्ट म्हणतोय जवळजवळ योग्य.

काकांना मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेलो, त्यांनी पहिलं पान उघडलंच नाही, सरळ नवव्या पानावर गेले, १६६ वर पेनाने गोल केला, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघितलं, आणि "गोळी कधीपासून बंद आहे" एवढंच विचारलं. काका म्हणाले पण डॉक्टर माझं चांगलं कोलेस्टेरॉल... डॉक्टर म्हणाले "ते असू द्या, ते आपण मोजतो पण त्याच्यावर उपचार करत नाही." स्टॅटिन परत चालू, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कार्डिओलॉजीची फॉलोअपची तारीख घेतली, जी त्यांनी गेल्या वर्षीच घ्यायला पाहिजे होती. हुर्राकचं मावशी बघतेय.

लॅबला मी ईमेल केला, टिक काढा किंवा निदान 'संरक्षित' हा शब्द तरी काढा म्हणून. उत्तर आलं की फॉरमॅट सिस्टिममधून येतो. फोनवरच्या डॉक्टरबाईंबद्दल विचारलं त्याचं उत्तर नाही. कॅप्सूलच्या फोनबद्दल मात्र सॉरी म्हणाले आणि नंबर यादीतून काढला, ते केलं खरं.

तर रेटिंग असं: रक्त काढणं पाच, वेळ पाळणं पाच, मशीनचे आकडे ठीकच, कारण काकांची शुगर आणि लिपिड मी दुसरीकडे परत करून घेतलं ते जवळजवळ तेच आलं, रिपोर्टची मांडणी एक, डॉक्टर सल्ला शून्य, कॅप्सूल उणे. तुम्ही घेणार असाल तर पॅकेज घेऊ नका, साधं लिपिड प्रोफाइल आणि एचबीएवनसी सुटं मागा, एपीओ-बी त्यांच्या यादीत आहे पण तुम्ही विचारल्याशिवाय सांगत नाहीत, ते वर जोडून घ्या, तिन्ही मिळून पॅकेजपेक्षा स्वस्त पडतं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला की पहिली तीन पानं सोडून द्या आणि स्टेंट, शुगर, बीपी यातलं काही असेल तर गोळ्यांच्या चिठ्ठीसकट तुमच्या नेहमीच्या डॉक्टरसमोर ठेवा. आणि शीर न सापडणारं कुणी घरात असेल तर बुकिंगलाच बटरफ्लाय सुई लागेल म्हणून सांगून ठेवा, सगळ्या पोरांकडे ती नसते.